तळ्याची एक कड पावसाळ्यापर्यंत राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात आमच्या तालुक्यातल्या एका पाझर तलावातून गाळ काढण्याच्या कामाचा फोटो छापून आला होता. दोन पोकलेन, रांगेत उभे हायवा, मागे धुळीचा लोट आणि खाली शेतकऱ्यांना दिलासा मिळाल्याची ओळ. ओळ खरी आहे. तो गाळ माझ्या चुलतभावाच्या रानातही पडला आहे आणि त्याच्या मुरमाड जमिनीचं त्यानं भलंच होणार आहे. पण त्याच फोटोच्या उजव्या कडेला, पोकलेनच्या बकेटमागे, मातीची एक उभी दरड दिसते. छपाईत ती नुसती करडी पट्टी वाटते. त्या पट्टीत 11 मे रोजी सकाळी मी 23 बिळं मोजली होती. त्यांतल्या 14 बिळांत वेडे राघू चोचीत भक्ष्य धरून आत-बाहेर करत होते, म्हणजे आत पिल्लं होती. त्या दरडीसाठी हे पत्र आहे.

मी इंदापूर तालुक्यात लग्नाचे फोटो काढतो. या धंद्यात 22 वर्षं झाली. एप्रिल-मे ही आमची लग्नसराई. हळद सकाळी दहाला, लग्न साडेबाराला नाहीतर गोरज मुहूर्तावर, त्यामुळे पहाट तेवढी माझी असते. 2011 च्या मे अखेरीस एका लग्नात वऱ्हाड अडीच तास उशिरा आलं. कार्यालयाच्या मागे विहीर होती आणि विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. बसल्या बसल्या मी लांबची लेन्स लावली. पिवळ्याधमक डोक्याचा एक नर अर्ध्या विणलेल्या खोप्याला उलटा लटकून पंख फडफडवत होता. मादी आली, आत डोकावली आणि निघून गेली. तो क्षणभर थांबला, समोरच्या उसात गेला, पानाची एक लांब चिरफळी तोडून आणली आणि पुन्हा विणायला लागला. वऱ्हाड आल्याचं मला वाजंत्री कानावर पडल्यावरच कळलं. तेव्हापासून लग्नसराईतली एकही पहाट मी झोपेत घालवलेली नाही.

आमच्या भागात पक्षी म्हटलं की लोकांना हिवाळा आठवतो. भिगवण, कुंभारगावला रोहित बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, होड्या भरून जातात. राज्य सरकारचा पक्षी सप्ताहही 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबरला असतो. शाळांच्या सहली तेव्हाच, व्याख्यानं तेव्हाच. उन्हं तापली की सगळं बंद. लोकांना वाटतं पक्षी गेले. जे पाहुणे होते ते गेले. घरचे आहेत तिथेच आहेत, आणि घरच्यांच्या घरी या दिवसांत बाळंतपणं चालू असतात.

माझं ठरलेलं ठिकाण म्हणजे आमच्या गावाबाहेरचा, त्या फोटोतलाच पाझर तलाव. 1972 च्या दुष्काळात लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून जे तलाव उभे केले, त्यांतला हा एक. माझी आजी या भरावावर खडी फोडायला होती. एका बाजूला भराव, टोकाला सांडवा, समोर वेड्या बाभळीचं रान, आणि पूर्वेला ओढा येऊन मिळतो तिथे साधारण शंभर फूट लांबीची, पुरुषभर उंचीची मातीची दरड. माती अशी की वरून घट्ट आणि आतून बोटानं कोरता येईल. एप्रिलमध्ये पाणी मधल्या खळग्यात गोळा होतं. त्याच्या एका कोपऱ्यात पाणकणसाचं बेट आहे आणि काठानं लव्हाळा.

पहाटे सव्वापाचला मी भरावावर बसलेला असतो. अंगात मातकट रंगाचा शर्ट, डोक्याला पंचा, दोन लिटर पाणी. पहिला आवाज टिटवीचा, तो तर रात्रभरच चालू असतो. मग दयाळ, मग सातभाईंचा कलकलाट. साडेसहाला ऊन दरडीवर पडतं आणि वेडे राघू जागे होतात. हा पक्षी सगळ्यांनी पाहिलेला आहे, विजेच्या तारेवर बसणारा, हिरवा, शेपटीतून दोन काड्या बाहेर आलेला. तारेवरून झेप घ्यायची, हवेतल्या हवेत माशी पकडायची आणि त्याच जागी येऊन बसायचं. मधमाशी असेल तर ती तारेवर आपटून, घासून नांगी काढून टाकायची आणि मगच गिळायची. पण त्याचं घर कुठे असतं, हे आमच्या गावात विचारलं तर फार थोड्यांना सांगता येईल. नर-मादी मिळून चोचीनं दरड कोरतात आणि पायांनी माती मागे उडवतात. बीळ हातभर ते तीन-चार हात खोल जातं. तळाशी गवताची काडीही नसते, उघड्या मातीवर तीन ते पाच पांढरीशुभ्र अंडी. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण दीड महिना लागतो. मार्च ते जून हा त्यांचा काळ. आपल्याकडे तळ्यांचा तळ उघडा पडतो आणि यंत्रं उतरतात, तोही नेमका हाच काळ.

त्याच दरडीत एका बाजूला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या खंड्याची एक जोडी असते. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत हवेत उभा राहून सरळ खाली सूर मारणारा तो. भरावाच्या पायथ्याला उघड्या खडीत टिटवी अंडी घालते. चार अंडी, टोकं आत करून मांडलेली, आणि रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. दुपारी दोन वाजता ती पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. 43 अंश तापमानात मी हे सलग तीन दिवस पाहिलं आहे. तिथे शेळ्या राखणारे आप्पा आहेत. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस दणकून होणार, असं ते दरवर्षी सांगतात. पावसाचं काहीही होवो, या समजुतीपायी आप्पा शेळ्यांना त्या बाजूला फिरकू देत नाहीत आणि अंडी वाचतात.

लग्न नसेल त्या दिवशी मी उजनीच्या काठाला जातो. मे महिन्यात धरण उणे पातळीत गेलं की पाणी मैलभर मागे हटतं. 2024 साली तर ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येऊन कोरडं उभं होतं आणि माणसं चालत दर्शनाला जात होती. त्या वेळी पाण्यात जी मातीची बेटं उघडी पडतात, त्यांवर नदी सुरय नावाचे पक्षी अंडी घालतात. उघड्या ढेकळांतच अंडं, आडोसा कसलाच नाही. भादलवाडीच्या तलावात काटेरी झाडांवर चित्रबलाकांची, म्हणजे रंगीत करकोच्यांची वसाहत असते. तिथे भर दुपारी एक मादी की नर, मला ओळखता येत नाही, पंख अर्धे उघडून उन्हाकडे पाठ करून उभी होती आणि तिच्या सावलीत तीन पिल्लं चोची उघड्या टाकून धापत होती. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत तो मला सर्वांत जास्त प्रिय आहे. सूर्य जसा सरकेल तशी ती जागेवरच वळत होती.

नऊ वाजले की पक्ष्यांचे फोटो बंद. जमिनीवरून झळा उठतात आणि लांबच्या लेन्समधून सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हलतं. पहिली दोन वर्षं मी नऊला घरी यायचो. एके दिवशी लव्हाळ्याजवळ पाणी पीत बसलो होतो, तेव्हा समोरच्या काडीवर एक लालभडक चतुर येऊन बसला.

लहानपणी आम्ही त्यांना हेलिकॉप्टर म्हणायचो. पकडायचो आणि शेपटीला दोरा बांधून उडवायचो. आमच्या वयाच्या बहुतेकांनी हे केलेलं असेल. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. काडीवरून उडायचा, एक गिरकी घ्यायचा आणि बरोबर त्याच काडीवर परत यायचा. फोटोवाल्याला याहून चांगलं काय हवं? मागे धावायचं नाही. काडी ओळखायची, गुडघे टेकून त्याच्या डोळ्यांच्या पातळीला यायचं, आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही आणि थांबायचं. आज माझ्याकडे त्या एका तळ्यावरच्या 31 प्रकारच्या चतुरांचे आणि टाचण्यांचे फोटो आहेत. बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर. सुईसारखी बारीक, बसल्यावर बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून घेणारी आणि दोन डोळे लांब लांब असलेली ती टाचणी. एवढं कळलं तरी सुरुवातीला पुरतं.

माझ्या मुलीनं त्यांना घरगुती नावं ठेवली आहेत. भगव्या पंखांचा ‘पताका’. हा गढूळ, घाण पाण्यावरही राहतो, गटारीकाठी जो दिसतो तो बहुतेक हाच. हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा ‘फौजदार’ दुसऱ्या चतुरांनाही पकडून खातो. गुलाबी-जांभळा ‘गुलाल’. आणि विहिरीच्या कडेला किंवा सिमेंटच्या हौदावर राखाडी ठिपक्यांचा एक चतुर पंख पसरून दगडाला असा चिकटून बसतो की हात लागेपर्यंत दिसत नाही, तो ‘भिंती’. तो तुमच्या घराच्या कंपाउंडवरही असेल, आज संध्याकाळी शोधा.

दुपारी बारा-साडेबाराला, आमच्याकडे अक्षता पडतात त्या वेळेला, चतुर एक विलक्षण गोष्ट करतात. काडीच्या टोकावर बसून शेपूट सरळ वर आभाळाकडे उभी करतात, कसरतपटू हातांवर उभा राहतो तशी. मी आधी समजलो की काही दुखापत झाली असेल. नंतर कळलं की शेपटीचं टोक सूर्याकडे रोखलं की अंगावर कमीत कमी ऊन पडतं. आपली सावली त्यांनी स्वतःच बारीक केलेली असते. सूर्य कलला की शेपूटही कलते. काडीवरच्या पाच चतुरांच्या शेपट्या एकाच कोनात उभ्या पाहिल्या की घड्याळ बघायची गरज उरत नाही.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी एका लग्नात नवरा-नवरीची काळी गाडी फुलांनी सजवून उन्हात उभी होती. तिच्या बॉनेटवर एक चतुराची मादी सारखी खाली येऊन शेपटीचं टोक टेकवत होती. टप, टप, टप, पाण्यावर टेकवते तसं. ती तिथे अंडी घालत होती. चकचकीत काळ्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश आणि पाण्यावरून परतणारा प्रकाश एकाच प्रकारचा असतो, दोन्ही आडवे ध्रुवित, म्हणजे त्यांच्या लहरी आडव्याच दिशेनं हलणाऱ्या. चतुर पाणी ओळखतात ते याच खुणेनं. आम्ही फोटोवाले पोलरायझर फिल्टर लावून जी चकाकी काढून टाकतो, तीच त्यांना तळ्याचा पत्ता सांगते. सोनेरी हार घातलेल्या त्या तापलेल्या पत्र्यावर तिनं निदान चाळीस वेळा शेपूट टेकवली. मी ड्रायव्हरला विनंती करून गाडी सावलीत घ्यायला लावली. शेजारी तीन किलोमीटरच्या आत पाण्याचं एक डबकंही शिल्लक नव्हतं.

चतुराचं खरं आयुष्य पाण्यात जातं. हवेत तो काही आठवडे दिसतो. त्याआधी तो तळाच्या गाळात, पाणवनस्पतींच्या मुळांशी, बिनपंखी पिल्लाच्या रूपात राहतो. कुणी दोन-तीन महिने, कुणी त्याहून कितीतरी जास्त. खालचा ओठ हातासारखा झपकन पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडतो. वाढ पूर्ण झाली की रात्री किंवा पहाटे पाणकणसाच्या दांड्यावर चढतो, पाठ उकलते आणि आतून ओला, फिका चतुर बाहेर येतो. दांड्यावर नुसती कात उरते. एका सकाळी त्या एका बेटात मी 60 कात मोजल्या होत्या. पाणकणीस उपटलं की चढायला दांडा राहत नाही. प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात पाणी भरपूर असतं, पण तिथे ना काडी ना काठ.

पावसाच्या तोंडावर शेकडोंनी उडणारे पिवळसर चतुर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ते दिसले की आमच्याकडे जुनी माणसं बी-बियाण्याची तयारी बघायला सांगतात. हा चतुर मान्सूनच्या वाऱ्याबरोबर येतो. साचलेल्या पावसाच्या पाण्यात त्याची पिल्लं दीड-दोन महिन्यांत मोठी होतात आणि पाऊस परतला की पुढची पिढी समुद्रावरून निघते. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला की ज्या प्रवाळबेटांवर उघडं गोडं पाणी जवळजवळ नाही, तिथे दर ऑक्टोबरात लाखो चतुर येतात कुठून? 2009 मध्ये त्यांनी मांडलं की ते भारतातून येतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेला जातात. जाऊन-येऊन 14 ते 18 हजार किलोमीटर, चार पिढ्या मिळून. आपल्या वावरात साचलेल्या पाण्यातून उठलेला किडा अरबी समुद्र ओलांडतो, हे मी मुलीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पप्पा, आपण त्याला दोरा बांधत होतो?”

एक कबुली मला याच पत्रात द्यायची आहे, कारण पुढे मी इतरांना काही सांगणार आहे. 2014 साली डाळिंबाच्या बागेत बुलबुलाचं घरटं सापडलं. समोर दोन पानाळ डहाळ्या येत होत्या, फोटो स्वच्छ येत नव्हता. मी त्या डहाळ्या मोडल्या. फोटो छान आला. संध्याकाळी परत गेलो तेव्हा दुपारभराच्या उन्हानं तिन्ही पिल्लं मान टाकून पडली होती आणि आई-बाप चोचीत किडे घेऊन शेजारच्या झाडावर ओरडत होते. तो फोटो मी कुणालाही दाखवलेला नाही. पुसूनही टाकलेला नाही.

आता यंदाच्या मे महिन्याचं सांगतो. 13 तारखेला तळ्यात यंत्रं उतरली. मी धावत जाऊन काम बघणाऱ्या माणसाला दरड दाखवली. तो म्हणाला, काठाचा उतार करून दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर करायचं आहे, नकाशात तसं आहे. संबंधित कार्यालयात फोन केला तर घरट्यांबद्दल कागदावर काही लिहिलेलं नाही, असं उत्तर मिळालं. त्यांचंही बरोबर होतं, कागदावर काहीच नव्हतं. 14 ला सकाळी मी पोहोचेपर्यंत दरडीचा दक्षिणेकडचा निम्म्याहून जास्त भाग खाली आला होता. सहा-सात जोड्या त्या मोकळ्या हवेत, जिथे बिळाचं तोंड होतं नेमक्या त्याच उंचीवर येऊन पंख मारत होत्या. बिळाचं तोंड सापडत नव्हतं. चोचीत चतुर तसाच होता.

पोकलेनवर पंचविशीतला एक मुलगा होता, नगर जिल्ह्यातला. मी हात केला, त्यानं इंजिन बंद केलं. मी म्हणालो, “दादा, दोन मिनिटं खाली या.” तो आला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला एक फोटो मोठा करून दाखवला, बिळाच्या तोंडाशी राघू आणि आत अंधारात एक उघडी चोच. त्यानं दरडीकडे पाहिलं. “काका, मला वरून नुसती भोकं दिसत होती. उंदरांची असतील वाटलं.” त्यानं मालकाला फोन लावला, पाच मिनिटं बोलला आणि मशीन वळवून पश्चिमेच्या बाजूनं खोदायला सुरुवात केली. शेवटपर्यंत त्यानं उरलेल्या चाळीस फुटांना हात लावला नाही. पाणकणसाचं बेट मात्र आधीच गेलं होतं. भरावावर टाकलेल्या ओल्या गाळात चतुरांची पिल्लं वळवळत होती. आप्पांच्या नातवानं आणि मी दोन बादल्या भरून ती उरलेल्या पाण्यात सोडली. किती जगली, सांगता येणार नाही.

माझा गाळ काढण्याला विरोध नाही. तळं खोल झालं तर पाणी जास्त दिवस टिकेल, पक्ष्यांनाही टिकेल. माझी मागणी एवढीच आहे की तळ्याच्या कामाचा अंदाजपत्रकी कागद तयार होतो तेव्हा त्यात दोन ओळी जास्त लिहाव्यात. काठाच्या उभ्या दरडीत बिळं असतील तर तेवढी कड 30 जूनपर्यंत सोडावी, पिचिंग त्यानंतर, पुढच्या फेब्रुवारीच्या आत करावं. खळग्यातल्या शेवटच्या पाण्याचा एक कोपरा, त्यातल्या लव्हाळ्या-पाणकणसासकट, न खोदता ठेवावा. दहा गुंठेही पुरतात. काम सुरू करण्याआधी एक माणूस सकाळी दोन तास काठावर बसला तर कुठे काय आहे ते सगळं कळतं. त्याला पक्ष्यांची नावं यायची गरज नाही. आप्पांना आमच्या तळ्यावरचं प्रत्येक घरटं ठाऊक आहे, असा एक आप्पा प्रत्येक गावात आहे. त्याला विचारा.

कायद्याचं म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना वा घरट्यांना त्रास देणं हेही येतं. मला कुणावर खटले घालायचे नाहीत. पोकलेनवरच्या त्या मुलाला पाच मिनिटांत समजलं ते कागदावर आलं तर कुणालाही समजेल.

आणि माझ्यासारख्याच कॅमेरे घेऊन फिरणाऱ्या मित्रांना एक विनंती. हल्ली मोबाइलवर एखाद्या घरट्याची जागा फिरली की दुसऱ्या दिवशी तिथे दहा जण असतात. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूवर केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की माणूस जिथे उभा आहे तिथून बिळाचं तोंड दिसत असेल तर राघू आत शिरायला कचरतो, आणि दिसत नसेल तर तितका कचरत नाही. आपल्याला काय दिसतंय याचा हा एवढासा पक्षी हिशोब ठेवतो. म्हणजे आपण बिळासमोर तास-तास बसतो तेव्हा तो तारेवर भक्ष्य घेऊन थांबलेला असतो आणि आत पिल्लं उपाशी असतात. हे वाचल्यापासून मी दरडीच्या कुशीला, बिळं दिसणार नाहीत अशा जागी बसतो आणि तारेवरच्या राघूचे फोटो काढतो. बिळाचा तो एक फोटो आहे माझ्याकडे, पोकलेनवाल्या मुलाला दाखवलेला. तो बस झाला. घरट्याची जागा मोबाइलवर टाकू नका. डहाळी तर मोडूच नका. फोटोच हवा असेल तर चतुराकडे वळा. तो घर राखत बसलेला नसतो, काडीवर परत येतो आणि दुपारी बारालाही भेटतो.

उरलेल्या चाळीस फुटांत आठ बिळं होती. 6 जूनला संध्याकाळी वळवाच्या सरीनंतर तारेवर 19 राघू बसले होते. त्यांतल्या सातांच्या शेपटीत काड्या आलेल्या नव्हत्या, म्हणजे यंदाची पिल्लं. आप्पांनी मोजली तर आठ भरली. शेजारच्या बांधावर पावशा ‘पेरते व्हा’ म्हणत होता.

आमच्या आजूबाजूच्या आणखी तीन पाझर तलावांची कामं पुढच्या उन्हाळ्याच्या यादीत आहेत असं ऐकतो. तिन्ही ठिकाणच्या दरडींचे आणि पाणकणसाच्या जागांचे फोटो मी काढले आहेत, भरावापासूनची अंतरं पावलांनी मोजून लिहिली आहेत. पुढच्या ग्रामसभेत मी ते प्रिंट काढून घेऊन जाणार आहे. कार्यालयाला संच हवा असेल तर विनामूल्य देईन. इतर तालुक्यांतल्या वाचकांनीही आपापल्या तळ्याची कड फेब्रुवारीतच एकदा बघून ठेवावी, तेव्हा राघू नुकतेच कोरायला लागलेले असतात.

आपला विश्वासू,
एक छायाचित्रकार
ता. इंदापूर, जि. पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)